शनिवारचा अर्धा मांडा

१

समता इंग्लिश क्लासचे गोरक्ष बोरस्ते सर रविवारी सकाळी गेले, आणि त्याच दुपारी खालच्या मजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या यशोदाबाईंचं मांजरही गेलं. सर गेले तेव्हा भद्रकालीतली ती गल्ली हळहळली. मांजर गेलं तेव्हा पोलीस आले.

त्याचं कारण असं. शनिवारी संध्याकाळी सरांनी जो पुरणाचा मांडा खाल्ला, त्यावर घ्यायचं दूध यशोदाबाईंनीच तांब्यातून वर पाठवलं होतं. तांब्या परत आला तो तळाशी चार घोट दूध घेऊन. यशोदाबाईंनी ते बशीत ओतून मांजरापुढे ठेवलं. रात्रभर सरांना उलट्या-जुलाब झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, बाधलं असेल काही. पण मोरीमागे ताठ झालेलं मांजर सापडलं आणि सिव्हिलच्या डॉक्टरांच्या मनातला संशय पक्का झाला. दुधात सोमल नावाचं विष होतं.

एकोणऐंशी सालचा पितृपंधरवडा होता. आभाळ आठ दिवस भरलेलं, पण पडायचं नाव नाही. सोमवारी दुपारी देवराम पगारे नेहमीसारखे जेवायला आले, तर खाणावळीला कुलूप. बायको गेल्यापासून पगाऱ्यांची दोन्ही वेळची भाकरी इथलीच. ऑडिट खात्यात तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई ओतून ते निवृत्त झाले होते. स्वभावानेही तसेच. कुणी "नमस्कार आबा" म्हणालं तरी त्या नमस्कारात किती खरा आणि किती कामापुरता, ते आधी वजा करून बघायचे.

कुलपासमोर खाणावळीचे दोन मेंबर डबा हातात घेऊन उभे होते.

"आबा, दुसरी खाणावळ बघा," त्यातला एक म्हणाला. "बाईंना चौकीवर नेलंय. नशीब म्हणायचं, शनिवारी आम्ही दूध मागितलं नाही."

पगाऱ्यांनी छत्री बगलेत मारली आणि चौकीचा रस्ता धरला.

यशोदाबाई बाकावर पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. पगाऱ्यांना पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दलचा नव्हताच.

"आबा, मेंबर जेवले का हो सगळे?"

"जेवले," पगारे खोटं बोलले.

"उद्या मला कोर्टात उभं करणार म्हणतात. सुटले तरी माझ्या हातचं आता कोण खाणार?"

पगारे छत्री सावरत फौजदारांच्या खोलीकडे वळले.

२

फौजदार सावळीराम कातकाडे पगाऱ्यांना मानायचे. एका सोसायटीतली अफरातफर पगाऱ्यांनी खुर्चीतून न उठता काढून दिली होती.

"पगारे साहेब, दूध बाईचं, तांब्या बाईचा, चूल बाईची. कारणही आहे. क्लासवाल्यांना खालची जागा हवी होती. घरमालकाशी बोलणं चाललं होतं. बाई रस्त्यावर आली असती."

"मांजरही बाईचंच," पगारे म्हणाले.

"म्हणजे?"

"विष तिने कालवलं असतं, तर तेच दूध स्वतःच्या मांजराला पाजलं असतं?"

"दाखवायला पाजलं असेल."

"इतका पुढचा विचार करणारी बाई आधी तांब्या घासून टाकते, सावळीराम."

फौजदारांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. मग त्यांनी अडचण सांगितली, आणि ती खरीच अडचण होती.

क्लासचे मालक दोन. गोरक्ष बोरस्ते आणि जयराम थेटे. पोरांना इंग्रजी बोलायला शिकवायचे, आणि स्वतः त्या इंग्रजीप्रमाणे जगायचे. त्यांच्या पुस्तकातला बारावा पाठ सबंध नाशकात गाजलेला. समान वाट्याचे शब्दप्रयोग. फिफ्टी-फिफ्टी. हाफ अँड हाफ. शेअर अँड शेअर अलाइक. पुल युअर वेट, म्हणजे आपल्या वाट्याचं ओझं आपण ओढायचं. मीट मी हाफवे, म्हणजे अर्धी वाट तू ये, अर्धी मी येतो. गल्लीतले भाजीवालेसुद्धा शेवटची जुडी दोन गिऱ्हाइकांत "फिफ्टी-फिफ्टी" करून द्यायला लागले होते.

वरचा हॉल दोघांनी मधोमध फळ्यांची भिंत घालून वाटून घेतला होता. खिडकी एकच, तर भिंत नेमकी खिडकीच्या मध्यावर, एकेक दार दोघांना. आणि दर शनिवारी दोन तुकड्यांच्या मधल्या सुट्टीत यशोदाबाईंकडून एक मांडा यायचा. खापरावर भाजलेला, रुमालासारखी चौघडी घातलेला. एका शनिवारी एकाने कापायचा आणि दुसऱ्याने हवा तो अर्धा आधी उचलायचा, पुढच्या शनिवारी उलटं. दूध दोन्ही अर्ध्यांवर सारखं ओतायचं. मग आपापला अर्धा घेऊन भिंतीच्या आपापल्या बाजूला.

"परवा कापायची पाळी गोरक्ष सरांची होती," फौजदार म्हणाले. "थेटे सरांनी आधी उचलला. दूध दोन्हींवर. गोरक्ष सरांच्या पुतण्याने डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे विष दोघांच्याही ताटात सारखंच. थेटेंना रात्री उलटी झाली म्हणून वाचले म्हणतात. आता त्या दोघांतला कुणी असं विष घालेल का, जे स्वतःच्याही ताटात येणार? बाहेरचंच कुणीतरी हवं. आणि बाहेरची एकच."

"बाहेरचे दोन," पगारे म्हणाले. "तांब्या वर नेला कुणी?"

"त्याच पुतण्याने. कारभारीने."

३

कारभारी बोरस्ते क्लासच्या बाकावर डोकं धरून बसला होता. वय बावीस-तेवीस, डोळे सुजलेले, शर्ट मात्र नवाकोरा. पगाऱ्यांनी दोन्ही गोष्टींची नोंद घेतली.

"शर्ट कुणी घेतला?"

"काकांनी. घटस्थापनेला घालायचा होता. पाटीच्या दिवशी. त्यांनी आणलेला, म्हणून आजच घातला." त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे भिंतीला टेकून एक लांब पाटी उलटी ठेवली होती. पगाऱ्यांनी ती सुलटी केली. रंग ताजा होता. बोरस्ते, थेटे, बोरस्ते.

"तुला भागीदार करणार होते?"

"काका म्हणाले, आता तिघं. थ्री इक्वल पार्ट्स. पितृपक्षात नको, घटाला लावू म्हणाले. आता कसली पाटी. थेटे सर मला ठेवतील का तेही माहीत नाही."

म्हणजे काका मेल्याने या पोराची रोजीरोटीच गेली. पगाऱ्यांनी मनातल्या मनात त्याच्या नावावर बारीक रेघ मारली. पूर्ण नाही, बारीक.

"थेटे सर काय म्हणाले पाटी बघून?"

"काही नाही. छान रंगवलीय म्हणाले."

"भांडण?"

"ते कधी भांडलेच नाहीत, आबा. उलट थेटे सरच सगळं बघायचे. वह्या तेच तपासायचे, पेपर तेच काढायचे. पुस्तकही त्यांनीच लिहिलंय, खरं सांगायचं तर. काका भाषण छान करायचे. पोरं काकांच्या नावावर यायची." तो थांबला. "एकच गोष्ट. या सहामाहीत थेटे सरांनी बारावा पाठ घेतलाच नाही. म्हणाले, तो गोरक्षलाच शोभतो. पोरं हसली. मीपण हसलो."

"तांब्या वर आणून कुठे ठेवलास?"

"पॅसेजमधल्या टेबलावर, मांड्याशेजारी. काका तुकडी सोडत होते. थेटे सर टेबलापाशी सुरी पुसत होते. मी वाट्या आणायला परत खाली गेलो."

"आणि नंतर तो तांब्या?"

"खाऊन झालं असेल म्हणून मीच उचलून खाली नेऊन दिला. थेटे सर म्हणाले होते, राहू दे, मी धुवून ठेवतो. पण त्यांच्याकडून कुठे धुवून घ्यायचं, म्हणून मीच नेला."

 पगाऱ्यांनी मनात कारभारीच्या नावावरची बारीक रेघ पुरी केली, आणि दुसऱ्या एका नावापुढे खूण केली. अडचण मात्र तिथेच होती, फौजदारांनी सांगितलेली. दूध दोन्ही अर्ध्यांवर सारखं होतं.

४

जयराम थेटे भिंतीच्या आपल्या बाजूला वह्या तपासत बसले होते. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. भागीदार जाऊन दोन दिवसही झाले नव्हते, तरी हातातला लाल पेन चालू होता. पगाऱ्यांना लाल पेनवाल्या माणसांबद्दल जात्याच आपुलकी. आज ती आवरावी लागली.

"बसा आबा. चहा घ्या." थेट्यांनी खिडकीतून कोपऱ्यावरच्या टपरीला हाक मारली. "दोन, नेहमीसारखे."

चहा आला. एक ग्लास थेट्यांनी हात लांबवून नेमका आपल्याकडे ओढला.

"यशोदाबाईंनी असं करावं," ते म्हणाले. "मला अजून खरं वाटत नाही. पण तब्येत बिघडली ती माझीही. अर्धा संपवला आणि रात्री भडभडून आलं. नशीब माझं."

"गोड आवडतं वाटतं तुम्हाला."

"मांडा म्हणजे, आबा, नाशिककरांचा जीव."

"गोरक्ष सर पाटी बदलणार होते म्हणे."

"हो. पोरगा चांगला आहे. कुणीतरी पुढे न्यायलाच हवा क्लास." आवाजात एक सुरकुती नव्हती. "वडील वैद्य होते माझे, ते सांगायचे, सोमल कुणाला सोडत नाही. मी सुटलो म्हणजे देवच म्हणायचा."

पगाऱ्यांनी ग्लास ओठाला लावला. खूप गोड, टपरीच्या हातचा, घसा चिकटवणारा. घोट घेऊन त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि उगीच इकडचं तिकडचं बोलत राहिले. पावसाचं, गोदावरीच्या पाण्याचं, कावळ्यांचं. थेटे उत्तरं देत होते, ग्लास रिकामे होत होते.

खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची एक रांग टेबलावर आली. तिने पगाऱ्यांचा ग्लास गाठला आणि कडेवर काळी किनार झाली. थेट्यांचा रिकामा ग्लास वीतभर अंतरावर होता. त्याला वळसा घालून मुंग्या पुढे निघून गेल्या.

पगारे उठले. "चहा छान होता," ते म्हणाले. "तुमचाही असावा."

५

जिन्याच्या पायथ्याशी शकुबाई पळसाच्या पानांच्या पत्रावळी विकायला बसायची. हरसूलकडची म्हातारी. भात लावून झाला की नाशकात यायची आणि दिवाळीनंतर डोंगरात परत जायची. पितृपक्षात पत्रावळींना उठाव, तरी आज तिची चळत तशीच होती.

"काय शकुबाई, धंदा नाही?"

"कसला धंदा दादा. समद्या गल्लीला भ्या बसलंय. लोकं म्हणत्यात, ह्या जिन्याखालचं पानबी नको." तिने वर बघितलं. "धाकलं मास्तर बरं हायेत ना?"

"थेटे सर? बरे आहेत. तुझी त्यांची ओळख?"

"लय चांगला मानूस. दर शनवारी त्यांच्या वाटचा मांडा मला देत्यात. माझ्याच पत्रावळीत गुंडाळून. त्यांना गोड चालत नाय, साखरेचं दुखनं हाय. पर मोठ्या मास्तरांना सांगू नको म्हनत्यात. म्हनत्यात, त्याला वाटंल मी माझा वाटा टाकून देतो."

पगाऱ्यांनी छत्री जिन्याला टेकवली आणि शकुबाईसमोर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले.

"परवाच्या शनिवारी दिला?"

"नाय. परवा नाय दिला."

"विसरले असतील."

"इसरनारं मानूस नाय ते, दादा." तिला राग आल्यासारखा वाटला. "येतानाच माझ्यापाशी थांबलं. अर्धा डझन केळी आनली व्हती, ती दिली. म्हनले, शकुबाई, आज मांडा नाय मिळायचा, आज केळी खा."

"येताना? म्हणजे क्लास सुरू व्हायच्या आधी?"

"व्हय. यसोदाबाईनं खापर चुलीवं ठेवलं नव्हतं तवर."

पगाऱ्यांनी जिन्याची कड धरून डोळे मिटले. शकुबाईला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. तिने पाण्याची शिशी पुढे केली.

"तू आज घरी जा," पगारे शेवटी म्हणाले. "आणि हे जे मला सांगितलंस, ते फौजदारांनी विचारलं तर असंच सांग. एक शब्द वाढवू नको, एक कमी करू नको."

"मास्तरांवर काय बालंट नाय ना?"

पगाऱ्यांनी छत्री उचलली आणि चौकीचा रस्ता धरला.

६

मंगळवारी सकाळी फौजदार दाराशी उभे राहिले. पगारे थेट्यांच्या समोर बसले. थेट्यांनी पेनाला टोपण लावलं आणि शिस्तीत खिशात अडकवलं.

"सर, तुम्हाला किती वर्षं साखर आहे?"

थेट्यांनी फौजदारांकडे पाहिलं, मग पगाऱ्यांकडे. "कुणी सांगितलं?"

"मुंग्यांनी. बाकीचं शकुबाईने."

थेट्यांनी पुढ्यातली वही मिटली.

"अडचण एकच होती," पगारे म्हणाले. "विष दोन्ही ताटांत सारखं, मग एकच का मेला. फौजदारांना वाटलं, तुम्हाला उलटी झाली. मी म्हटलं, उलटी व्हायला आधी पोटात जावं लागतं. तुमचा अर्धा तुम्ही कधी खातच नव्हता. गोरक्ष सरांना ते ठाऊक नव्हतं, कारभारीला नव्हतं, यशोदाबाईंना नव्हतं. तेव्हा तांब्यात काहीही घालायला तुम्हाला भीती नव्हती. कुणी कापावा, कुणी आधी उचलावा, तुम्ही मोकळे."

"माझा अर्धा मी त्या दिवशी खाल्ला," थेटे सावकाश म्हणाले. "माणसाला एखाद दिवस वाटतं खावंसं."

"वाटतं. पण खायचं त्या दिवशीच का वाटलं, आणि घरून निघतानाच कसं ठरलं? मांडा यायचा होता, तांब्या यायचा होता. त्याआधीच तुम्ही म्हातारीसाठी केळी घेऊन आलात. आज तिला मांडा मिळणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तिला तो देणं तुम्हाला जमलं नाही. तुमचा अर्धा मोरीत गेला असेल. तांब्याही धुवायचा होता तुम्हाला, पण पोरगा कामसू निघाला."

खिडकीच्या अर्ध्या भागातून करडा उजेड येत होता. पलीकडच्या अर्ध्यात कुणी नव्हतं.

"चौदा वर्षं," थेटे म्हणाले. कुणाला सांगत होते ते कळत नव्हतं. "पुस्तक मी लिहिलं. वह्या, पेपर, फळा, सगळं मी. तो स्टेजवर उभा राहून फिफ्टी-फिफ्टी म्हणायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. मी एका शब्दाने बोललो नाही. अर्धं तरी नाव माझं होतं. मग एक दिवस पाटी रंगवून आणली. दोन बोरस्ते, मधे मी. विचारलं, अरे हे काय? तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जयराम, मीट मी हाफवे." ते थांबले. "मी तिथंच उभा होतो, आबा. चौदा वर्षं. तोच कधी आला नाही."

"ते त्याला सांगायचं होतंत."

"सांगायला तोंड त्याला होतं. मला हात होते."

दारातून फौजदार पुढे झाले. पगाऱ्यांनी त्यांना क्षणभर थांबवलं.

"एक राहिलं, सर. शकुबाईला तुम्ही वाचवलंत. आणि यशोदाबाईंना काल चौकीच्या बाकावर बसवलं होतं, तेव्हा तुम्ही इथे वह्या तपासत होता. दयासुद्धा फिफ्टी-फिफ्टी?"

थेट्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठून उभे राहिले आणि वह्यांची चळत सरळ केली.

"कारभारीला सांगा," ते म्हणाले, "वरच्या सगळ्या तपासून झाल्यात."

७

यशोदाबाई मंगळवारी सुटल्या. बुधवारी त्यांनी चूल पेटवली. बाईंचा दोष नव्हता हे गल्लीत सगळ्यांना कळलं होतं, सगळे तसं बोलतही होते. जेवायला मात्र दुसरीकडे जात होते.

दुपारी पगारे एकटेच पाटावर बसले. यशोदाबाईंनी भाकरी वाढली, आमटी वाढली. मग त्यांच्याच ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यांच्याच आमटीत बुडवला, तोंडात घातला, नीट चावून गिळला आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. त्यानंतर ताट पगाऱ्यांकडे सरकवलं.

"हे काय यशोदाबाई? मला कशाला दाखवता?"

"तुम्हाला नाही, आबा."

पगाऱ्यांनी मान वळवली. उंबऱ्याबाहेर खाणावळीचे ते दोन जुने मेंबर उभे होते. हातात रिकामे डबे, पायात चपला. दोघे बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

यशोदाबाईंनी दुसरा तुकडा मोडला आणि त्यांच्याकडे न बघता तोही खाल्ला.

मग त्यातल्या एकाने चपला काढल्या. दुसरा तसाच उभा राहिला.